कलम ४.२ : धुणे

मसुद्यात लिहिलंय :
नमुना चाळीस अंश पाण्यात सोडावा,
यंत्राचा सौम्य फेरा, साबण चार ग्रॅम,
सावलीत आडवा वाळवावा.
असे पंचवीस वेळा.
मग रोध मोजावा, आकडा लिहावा, सही करावी.

सही माझी असते.
पद्मजा नेमगोंडा मगदूम, चाचणी सहायक,
इचलकरंजी. मागांच्या गल्लीमागं दुसरी इमारत.
खडखडाट थांबला
की आम्ही न बघताच म्हणतो, लाइट गेली.

बनियन साधाच, राखाडी.
छातीपाशी चांदीचा मुलामा दिलेले नऊ धागे.
शिरोलीच्या फौंड्रीत भट्टीपुढं उभ्या माणसाचे
ठोके त्यांनी मोजायचे,
आणि अंगातली धग हद्दीबाहेर गेली
की बटणाएवढ्या दिव्यानं सांगायचं :
बाजूला हो.

हुपरीचा एक कारागीर बघायला आला होता,
पैंजणं घडवण्यात चाळीस वर्षं गेलेली.
धागा नखावर घासून म्हणाला,
"चांदी खरी, पण भित्री.
घाम बघून काळी पडणार."
मी वहीत लिहिलं : रंगबदल, श्रेणी तीन.
आम्ही दोघं बहुतेक एकच बोलत होतो.

आमच्याकडं घाम बाटलीत असतो.
मीठ, आम्ल, बाहेरून तारखेची चिठ्ठी.
वास नाही त्याला.

पंचविसाव्या धुण्यानंतर रोध अठरावरून तेवीस.
पास.

मग एक बनियन मी घरी नेला.
नियमात बसत नाही, माहीत आहे.
गल्लीतल्या गौराक्काला दिला,
तिचे मालक भट्टीवरच असतात.
"चाळीस अंश?
नळाला पाणी आठ दिसांनी येतंय,
आणि ह्येचा ताप बघत बसू व्हय?
मी आपला दगडावर बडवतो."

निळी वडी, दगड, दोन्ही हातांचा पीळ,
कडक उन्हात तारेवर,
चिमटा नेमका नवव्या धाग्याला.
सातव्या धुण्याला दिवा लागला नाही.

बैठक कोल्हापुरात, शाहूपुरीत, हॉटेलच्या वरच्या मजल्यावर.
दिल्लीचे दोघं, कोइमतूरचा एक, बाकी आम्ही.
सकाळभर वाद एवढाच :
हे कापड की उपकरण?
कापड म्हणावं तर करंट कुणी तपासायचा,
उपकरण म्हणावं तर पोत कुणी बघायचा.
मिसळीचा कट कुणाच्या तरी बोटावरून
पान सहावर उतरला.
तो डाग अजून गेलेला नाही.

मी बनियन टेबलावर ठेवला.
म्हटलं, धुणे म्हणजे काय, तेच कलमात नाही.
कोइमतूरचे गृहस्थ शांतपणे म्हणाले,
हाताचा जोर मोजणार कसा?
कुठल्या बाईचा हात? सकाळचा की संध्याकाळचा?
चेष्टा नव्हती ती.
मलाही उत्तर येत नव्हतं.

माझे वडील लाइट नसताना
कापडावरून अंगठा फिरवून सांगायचे,
इथं धागा तुटलाय, इथं दोन एकत्र गेलेत.
व्यापारी त्या अंगठ्यावर भाव ठरवायचे.
तो अंगठा आम्हा तिघा भावंडांत
कुणालाच आला नाही.
लिहून ठेवायचं ते म्हणूनच असेल.
किंवा लिहिता येत नाही, म्हणून
इतकी पानं लागत असतील.

शेवटी टीप दोन म्हणून घेतलं :
"हाताने धुण्याची पद्धत विचाराधीन."

उद्यमनगरातून वजनाचा एक सेल आणलाय,
दगडाखाली बसवलाय.
रविवारी गौराक्का बडवते, मी आकडे लिहिते.
"किती झालं गं?" ती मधेच विचारते,
आणि पुढचा मुद्दाम जोरात घालते.
घरात भांडण झालं त्या आठवड्यात
आकडा सरळ दीडपट.
तो खोडावा की सरासरीत धरावा,
रात्री उशिरापर्यंत ठरलं नाही.

वहीत दोन रकाने केलेत.
दुसऱ्याला अजून नाव दिलेलं नाही.